रावसाच्या खवल्यावरची वलये

हिवाळ्यातले कोवळे ऊन तिरपे उतरते आणि मासळी बाजारातल्या ओल्या ओट्यांवर पात्यांनी मासे खरवडण्याचा आवाज सुरू होतो. खर्र, खर्र, एका लयीत. त्या आवाजासरशी खवले उडतात. काही पाण्यात पडतात, काही विक्रेत्याच्या कोपरापर्यंत भिजलेल्या हातावर चिकटून बसतात, आणि एखादा अभ्रकाच्या चकतीसारखा उन्हात क्षणभर लखलखून माझ्या पायाशी येऊन पडतो. गिऱ्हाईक मासा घेऊन जाते. खवले पाण्याबरोबर गटाराकडे निघतात. मी तेवढ्यात वाकून एक उचलते, उजेडाकडे धरते, आणि ओट्यामागचा दुकानदार हसून म्हणतो, "बाई, लोक मासा बघून घेतात, तुम्ही कचरा बघता!"

त्याला मी काय सांगू? माझ्या आयुष्याची सगळी कमावती वर्षे मी हा कचराच पाहत आले. तुम्ही कधी माशाचा खवला भिंगाखाली पाहिला आहे का? नसेल, तर एकदा जरूर पाहा. नुसत्या डोळ्यांना गुळगुळीत दिसणारी ती इवलीशी चकती भिंगाखाली अकस्मात उलगडते, आणि शांत जलाशयात खडा टाकल्यावर तरंग पसरत जावेत तशा सूक्ष्म रेषा तिच्या गाभ्यापासून कडेपर्यंत पसरलेल्या दिसतात. मासा वाढतो तसा त्याचा खवलाही वाढतो. खायला मुबलक असते तेव्हा रेषा ऐसपैस, दूरदूर पडतात. उपासमारीत, प्रतिकूल पाण्यात, अंडी घालण्याच्या थकव्यात त्या एकमेकींना बिलगतात. अशा बिलगलेल्या रेषांचे एक वलय होते, आणि वलये मोजत गेले की माशाचे वय कळते. थंड देशांतल्या समुद्रांत ही वलये ठसठशीत असतात. आपल्या उष्ण पाण्यात ती अंधुक, लाजरी, फसवीही असतात. त्यांच्यासाठी नजर कमवावी लागते.

ही नजर मी कमावली ती समुद्रापासून शेकडो मैल दूर जन्मूनही. औरंगपुऱ्यातल्या एका बोळात आमचे भांड्यांचे दुकान होते. पितळेच्या पातेल्यांवर पडणारे ऊन हीच माझ्या बालपणीची सर्वांत चकचकीत वस्तू. प्राणिशास्त्र शिकून मी दक्षिण कोकणातल्या एका बंदरावर, मत्स्यसंशोधनाच्या नोकरीला निघाले, तेव्हा वडील गल्ल्यावर बसल्या बसल्या म्हणाले होते, "समुद्र कुठं आहे आपल्याकडं? पोरगी माशांची वयं मोजायला गेली म्हणून सांगू का मी लोकांना?" पण निघायच्या दिवशी स्टँडवर सोडायला तेच आले, आणि गाडी हलल्यावरही बराच वेळ हात वर करून उभे राहिले.

कोरड्या मुलखातल्या माणसाला समुद्र प्रथम दिसतो तेव्हा काय होते, ते शब्दांत मावत नाही. नळाला पाणी येण्याच्या दिवसावर ज्यांचे सगळे बेत ठरतात, त्या आम्हा लोकांना एवढे पाणी म्हणजे जवळपास उधळपट्टीच वाटते! कितीतरी दिवस मी त्याच्याकडे अविश्वासाने पाहत होते. त्याच्याकडे पाहायला मला शिकवले ते सदानंदने.

सदानंद माझ्याच वयाचा मच्छीमार. काटक, सावळा, कमी बोलणारा. त्याची स्वतःची होडी होती आणि तिच्यावर त्याचा जीव होता. मला वेगवेगळ्या आकारांच्या रावसाचे खवले हवे असत, पण विकायच्या माशाला हात लावू देतो कोण? सदानंद देत असे. माशाच्या छातीच्या परामागची, खवले सहसा न झडणारी जागा मी त्याला एकदा दाखवली. पुढे तो स्वतःच तिथले खवले अलगद काढून, कागदात बांधून माझ्यासाठी ठेवू लागला. दुसऱ्या दिवशी भेटला की विचारायचा, "ताई, ह्यो किती वर्सांचो?" मी वय सांगितले की मान हलवायचा, जणू ओळखीच्या माणसाची खुशाली कळली. त्याची बायको सुलोचना मला जेवल्याशिवाय सोडत नसे. मी माशाचा काटा काढताना धडपडायचे ते पाहून ती तोंडाला पदर लावून हसायची. माझे माहेर दूर होते; त्या अंगणात ते थोडे जवळ आले.

रावसाची एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. हा मासा तरुणपणी नर असतो. वर्षे जातात, तो थोराड होतो, आणि मग त्याच देहाची मादी होते. निसर्गाची केवढी ही अद्भुत युक्ती! पण तिच्यात एक भीषण अटही दडलेली आहे. मासा म्हातारा होईपर्यंत जगला, तरच समुद्राला आई मिळते. तो तरुणपणीच जाळ्यात सापडत राहिला, तर पाण्यात नुसते मुलगेच उरतील, आणि एक दिवस तेही उरणार नाहीत.

नोकरीच्या प्रारंभी माझ्या भिंगाखाली असे खवले येत की त्यांची बाहेरची वलये मोजताना डोळे थकत. मग हळूहळू ती वलये येईनाशी झाली. एखाद्या वर्षी तसे झाले असते, तर मी तो योगायोग मानला असता. पण पावसाळ्यामागून पावसाळे गेले, आणि खवले लहान होत गेले. गाभा, एखादे वलय, फार तर दुसरे, आणि लगेच कडा. जणू मासे सांगत होते: इथपर्यंत जगलो, पुढचे ठाऊक नाही. कार्यालयाच्या खिडकीतून समुद्र दिसायचा, पूर्वीइतकाच निळा, पूर्वीइतकाच भरलेला. पृष्ठभागावर कशाचीही खूण नव्हती. एवढे मोठे दुःख इतके निःशब्द असू शकते का? मी कडेपर्यंत पोचलेली नजर पुन्हा गाभ्याकडे नेत असे, आपलेच काही चुकत असावे या आशेने. चुकत नव्हते.

मग एके संध्याकाळी बंदरावरच्या शेडमध्ये मच्छीमारांची बैठक झाली. आमच्या कार्यालयाने मला बोलायला उभे केले. मी जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगितले, की रावस आता म्हातारा होतच नाही, मोठ्या भोकांची जाळी वापरा, लहान मासा निसटू द्या, थोडी वर्षे कळ काढा. मग मागून कोणी म्हणाले, "दर्या आमका शिकवू नकात, बाई." हशा पिकला. तेव्हा सदानंद उठला. चारचौघांत बोलणे त्याच्या स्वभावात नव्हते.

"गाबोळीचो रावस शेवटचो कधी बघलात, ता सांगा," तो म्हणाला. गाबोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी. कोणालाच सांगता आले नाही. "मगे ताई सांगतत ता खरा आसा."

त्याने आपली जाळी बदलली. बोलला तसा वागला. आणखी दोघातिघांनी बदलली आणि काही महिन्यांत परत जुनीच काढली, कारण त्याच पाण्यात मोठ्या यांत्रिक बोटी बारीक जाळी ओढत होत्या. सदानंदने सोडलेला लहान मासा अर्ध्या कोसावर दुसऱ्याच्या जाळ्यात जाई. त्याला हे दिसत होते. मलाही दिसत होते. मी वरिष्ठांना सांगितले, वरिष्ठांनी त्यांच्या वरिष्ठांना. नियम होते, ते राबवायला माणसे नव्हती. एकटा माणूस समुद्राला विश्रांती कशी देणार? त्याच्या होडीला डिझेलपुरतेही मासे मिळेनासे झाले, तरी तो मला कधी एका शब्दाने बोलला नाही. शेवटी त्याने होडी विकली. ती दुसऱ्या गावच्या माणसाने नेली, तेव्हा तो किनाऱ्यावर आलाच नाही. सुलोचना एकटी उभी होती. होडी नजरेआड झाल्यावर तिने रेतीत पडलेला दोराचा एक तुकडा उचलला, झटकला आणि कमरेला खोचून घरी गेली.

मी निवृत्त होऊन आपल्या शहरी परतले. आता दुकान नाही, वडील नाहीत. बोळ तेवढा आहे, आणि दुचाकींची दाटी. कधी सोयगावकडे जाणे झाले की घाटात रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराकडे माझी नजर जाते. लाव्ह्याचे थर एकावर एक निजलेले. काही जाड, काही पातळ. ह्या भूमीलाही वय आहे, आणि तेही कोणी तरी वाचू शकते, या विचाराने एके काळी मला धीर यायचा. आता येत नाही. दगडाला घाई नसते. माशाला असते.

अशात गेल्या वर्षी एका दुपारी फोन वाजला. "ताई, मी तुमच्या गावाक इलंय."

आवाज मी लगेच ओळखला. सदानंदची मुलगी शहराबाहेर शेंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरीला लागली होती, आणि तिने आईवडिलांना आणून घेतले होते. सदानंदलाही तिथेच एका गोदामाच्या फाटकावर काम मिळाले होते. दर्यावर जन्म काढलेला माणूस आणि शेंद्रा! मी जालना रोडने निघाले, तेव्हा वाटेत दोन्हीकडे पांढरे पत्रे, धूळ आणि मधूनच एखादे हरभऱ्याचे शेत पाहून माझ्या मनात आले, 'समुद्र कुठं आहे आपल्याकडं?' हा वडिलांचा प्रश्न आता मी त्याला कसा विचारू?

सदानंदचे घरमालक शेतकरी होते. शेताचा एक तुकडा ठेवून उरलेल्यावर त्यांनी खोल्या बांधल्या होत्या. फाटकातच म्हणाले, "लई सज्जन माणूस हाय बाई, पन बोलतच नाय. सांजच्याला नुसता वारा ऐकत बसतो."

सदानंद दारात आला. केस पांढरे झाले होते, आणि गणवेशाचा खाकी सदरा त्याच्या खांद्यांवर दुसऱ्या कोणाचा असावा तसा लोंबत होता. सुलोचनाने माझे हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. चहा झाला, मुलीचे कौतुक झाले, इथल्या पाण्याची आणि उन्हाची तक्रार झाली. मग सदानंद मुद्द्यावर आला. गावाकडच्या चुलत भावाने एक छोटी होडी घ्यायचे ठरवले होते, आणि त्यात अर्धी भागी सदानंदला देऊ केली होती. इथले काम सोडायचे, परत जायचे. सुलोचनाच्या डोळ्यांत तो बेत आधीच पूर्ण झालेला होता. बोलताना ती जणू गावच्या घराची दारे उघडत होती.

"पण मी म्हटलंय, आधी ताईंका इचारतंय," सदानंद म्हणाला, आणि माझ्याकडे सरळ पाहत त्याने विचारले, "तुम्ही सांगा. दर्यात आवशी आसत काय?"

आवशी म्हणजे आया. माझ्या सगळ्या विद्येला कोणी इतका सोपा आणि इतका जड प्रश्न कधी विचारला नव्हता.

मानसी ही माझ्यामागून त्या कामावर आलेली मुलगी. मोठी कष्टाळू. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, या हंगामातले खवले नुकतेच तपासलेत. छायाचित्रं पाठवते. मलाही एकदोन ठिकाणी शंका आहे, तुम्ही बघाच." छायाचित्रे आली. मी सकाळच्या उजेडात खिडकीशी बसले आणि एकेक खवला पडद्यावर मोठा करून पाहू लागले. कित्येक वर्षांनी तीच एकाग्रता, तोच श्वास रोखून धरणे. गाभा, एक वलय, कडा. गाभा, एक वलय, दुसऱ्याची नुसती चाहूल, कडा. काही खवल्यांचा गाभा कोराच होता. जुना खवला गळून पडला की मासा त्या जागी घाईने नवा घडवतो, आणि त्या नव्यात आधीच्या वर्षांची एकही रेषा नसते. देह स्वतःला सावरतो, पण आठवण मात्र परत येत नाही. माणसाचे तरी याहून निराळे काय असते?

आणि मग एक खवला आला. मोठा, रुंद कडेचा. त्याच्यावर एक वलय अधिक दिसत होते, अगदी बाहेर, काठाजवळ. ते खरे असेल, तर हा मासा आई होण्याच्या वयाला पोचला होता! मी खुर्चीतून उठले, पाणी प्याले, पुन्हा बसले. खरे वलय गाभ्याभोवती अखंड फिरते. दोन्ही बाजूंना आतल्या रेषा कापून जाते. फसवे वलय आजारपणाने किंवा अल्पकाळच्या उपासमारीने उमटते आणि अर्ध्यावर विरते. मी त्या रेषेबरोबर हळूहळू सरकत गेले, एखाद्याच्या बोटाला धरून अंधाऱ्या जिन्याने उतरावे तशी. एका बाजूला ती ठळक होती. दुसऱ्या बाजूला आली, फिकट झाली, आणि नाहीशी झाली. मी पुन्हा पाहिले. मग दुसरे खवले पाहिले, आणि परत ह्याच्याकडे आले. दुपारपर्यंत मी त्या एका खवल्यापाशी घुटमळत होते. मला ते वलय हवे होते. केवळ हवे असण्याने रेषा पुढे सरकत नाही, हे मीच कितीदा नव्या मुलांना बजावले होते.

संगणक पिशवीत घालून मी शेंद्र्याला गेले. सदानंदची सुट्टी होती. चटईवर तो माझ्याशेजारी बसला, सुलोचना भिंतीला टेकून. मी एकेक छायाचित्र दाखवले. त्याने कितीतरी वर्षे खवले काढून दिले होते, त्यामुळे फार सांगावे लागले नाही. तो मोठा खवला आला, तसे त्याने बोट पुढे केले. "ह्यो?"

त्या क्षणी माझ्या एका होकाराने दोन माणसे घरी जाऊ शकत होती. त्याला माझ्या चेहऱ्यावर काय दिसले कोण जाणे. तो शांतपणे म्हणाला, "माका बरा वाटूक म्हणून सांगू नकात हां, ताई."

"ही रेषा पुरती फिरत नाही, सदानंद," मी म्हटले. "हा मासा आजारी पडला असेल, नाहीतर काही दिवस उपाशी राहिला असेल. वयाने हाही लहानच आहे." मग मीच घाईने पुढे बोलले, की हे थोड्याच माशांचे खवले आहेत, समुद्र अफाट आहे, न सापडलेल्या मोठ्या माद्या कुठे तरी असतीलही. बोलले ते सारे खरे होते. तरीही ते माझ्याच कानांना पोकळ वाटले.

त्याने सगळे ऐकून घेतले. "तुम्ही माझ्या जाग्यार असतात तर?"

बाहेर कुठल्या तरी कंपनीचा भोंगा झाला. मी म्हटले, "मी गेले नसते."

सदानंदने मान हलवली, पूर्वी बंदरावर हलवायचा तशीच. "सगळी पोरांच मगे," तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याने खिशातून फोन काढला, चुलत भावाला लावला, आणि दोन वाक्यांत नाही म्हणून सांगितले. भाऊ बरेच काही बोलत होता. त्याचा चढलेला आवाज आम्हाला ऐकू येत होता. सदानंदने "बरां" म्हणून फोन ठेवला आणि तोंड धुवायला बाहेर गेला. नळ कितीतरी वेळ सुरू होता.

सुलोचना उठली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते, राग तर नव्हताच. नुसता थकवा होता, दूरवर चालून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तसा.

"जरा खोटा बोलला असतात, तर काय बिघडला असता, ताई?" ती हलकेच म्हणाली. "हेंनी दोन खेपेक तुमचा आयकल्यानी."

दोन खेपा. पहिल्या खेपेला होडी गेली आणि दुसऱ्या खेपेला परतीची वाट. सत्याची बाजू घ्यायला मला आयुष्यभर शिकवले गेले, पण ते ज्याच्या पदरी पडते त्याच्या घरी बसून चहा कसा प्यावा, हे कोणी शिकवले नाही. खोटे बोलले असते तर तो गेला असता, आणि रिकामी जाळी ओढता ओढता त्याला एक दिवस सारे कळलेच असते. मला हे पटत होते. बहुधा तिलाही पटत होते. पण पटण्याने काय होते? मी तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसले आणि तिच्या हातावर हात ठेवला. तिने माझा हात झिडकारला नाही, आणि धरलाही नाही. तिने केलेला चहा आमच्यासमोर निवत राहिला.

निघताना सदानंद मला हमरस्त्यापर्यंत पोचवायला आला. संध्याकाळ उतरत होती. कारखान्यांतली पाळी सुटलेली माणसे घोळक्यांनी येत होती, आणि त्या गर्दीतून तो माझ्यासाठी वाट करीत पुढे चालला होता. शहराकडची शेअर रिक्षा आली. मी बसले. रिक्षा भरेपर्यंत तो दांड्याला धरून उभा राहिला. त्याची नजर माझ्यावर नव्हती, रस्त्यावरही नव्हती.

"ताई," तो एकदम म्हणाला, "फुडच्या वर्साक परत बघशात मां?"

माझ्या डोळ्यांपुढे खवल्यांची ती सारी छायाचित्रे आली, आणि मी म्हटले, "बघेन."

"बघा," तो म्हणाला. त्याने दांडा सोडला आणि रिक्षावाल्याला निघ म्हणून हाताने खूण केली.